रॅडमिलोविच, पॉल
रॅडमिलोविच, पॉल : (५ मार्च १८८६ – २९ सप्टेंबर १९६८). ब्रिटिश जलतरणपटू व वॉटर पोलोपटू (वॉटर पोलो म्हणजे पाण्यात चेंडूने खेळायचा सांघिक खेळ). जन्म वेल्समधील कार्डिफचा. वडील क्रोएशियन, आईचे घराणे मूळचे आयरिश. त्याने ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदके मिळवली : वॉटर पोलोत तीन (१९०८, १९१२, १९२०) आणि पोहण्याच्या रिलेत एक (१९०८). हा ब्रिटिश उच्चांक २००० साली नौकानयनपटू स्टीव्ह रेडग्रेव्ह याने पाचवे सुवर्ण जिंकून मोडला.

१९०८ची जलस्पर्धा लंडनच्या व्हाइट सिटी क्रीडागारात झाली. तेथे धावपट्टीच्या आतल्या मैदानातच १०० मी. लांबीचा हौद बांधला होता. २२ जुलैला ब्रिटनने वॉटर पोलोच्या अंतिम सामन्यात बेल्जियमला ९–२ असे हरवले. प्रतिस्पर्धी संघांच्या माघारीमुळे ब्रिटनला हा एकच सामना खेळावा लागला, त्यामुळे हे पदक तसे स्वस्तातच पडले. दोन दिवसांनी झालेल्या ४ × २०० मी. रिलेचे तसे नव्हते. तिच्यासाठी रॅडमिलोविचला आयत्या वेळी बोलावले गेले. शेवटच्या टप्प्याला हंगेरी पुढे होती. पण त्यांचा झोल्टान हाल्मई दमून वेडावाकडा पोहू लागला. मार्गिका आखणारे दोर तेव्हा नसत, त्यामुळे भरकटलेल्याला सरळ रेषा सापडणे कठीण होई. ब्रिटनच्या हेन्री टेलरने त्याला गाठले आणि ब्रिटनने १० मि. ५५·६ से. वेळेत शर्यत जिंकली.

त्या काळी वॉटर पोलोचा चेंडू चामड्याचा असे. सामना चालू असताना तो पाणी शोषून जड होई व हातातून निसटे. फाउलची शिट्टी वाजली की चेंडू पुन्हा खेळात येईपर्यंत खेळाडूंनी जागचे हलायचे नाही, असा नियम होता (तो १९४९मध्ये बदलला). साहजिकच शिट्टीआधी मोक्याची जागा पटकावणाऱ्या वेगवान पोहणाऱ्याचे फावत असे. १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये यजमान बेल्जियमविरुद्धच्या ३–२ अशा विजयातला निर्णायक गोल रॅडमिलोविचचाच. निकालाने चिडलेले प्रेक्षक ब्रिटिश खेळाडूंच्या अंगावर धावून आले आणि त्यांना पहाऱ्यात बाहेर न्यावे लागले.

१९०९मध्ये १०० यार्डांचे इंग्लिश विजेतेपद मिळवणाऱ्या या पोहणाऱ्याने थेम्स नदीतील पाच मैलांची शर्यतही १९०७, १९२५ आणि १९२६ अशी तीनदा जिंकली. शेवटच्या वेळी तो चाळिशीत होता. १९२८च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्येही तो वॉटर पोलो खेळला. वेस्टन-सुपर-मेअर येथे त्याचे निधन झाले.