टिप (घोड्यांची शर्यत)

टिप : शर्यतीत कोणता घोडा येईल, हे शर्यतीआधी एकाने दुसऱ्याला सांगणे. रेसच्या बोलीत जिंकलेला घोडा ‘येतो’, पैसे ‘लावले’ जातात आणि स्टँडात बसून राहणाऱ्यालाही ‘रेस खेळतो’ असेच म्हणतात. टिप हा शब्द मुंबई-पुण्याच्या मराठीत चांगला मुरला आहे. ती मिळते, लागते (खरी ठरते), पडते (खोटी ठरते) आणि फुटते (सगळीकडे पसरते). यांतले फुटणे सर्वांत वाईट. फुटलेली टिप खरी निघाली तरी हातात फारसे काही पडत नाही. त्यामागचे गणित पुढे दिले आहे.

मुरलेले पंटर, म्हणजे पैसे लावणारे, बातमी आणि मत वेगळे ठेवतात. घोड्याने मंगळवारी पहाटे शेवटचे सहाशे मीटर किती सेकंदांत काढले, ही बातमी. म्हणून तो रविवारी येणार, हे मत. टिप देणारा सहसा मतच देतो. पण आवाज खाली आणून, इकडेतिकडे बघून देतो, त्यामुळे ते बातमीसारखे ऐकू येते.

महाराष्ट्रात हा व्यवहार रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या दोन मैदानांभोवती फिरतो. क्लब १८०२ मध्ये बॉम्बे टर्फ क्लब म्हणून सुरू झाला. तेव्हाच्या शर्यती भायखळ्याला होत. महालक्ष्मीचा रेसकोर्स १८८३ चा, आणि नावातले ‘रॉयल’ १९३५ मधले. पावसाळ्यात हंगाम पुण्याला असतो, नोव्हेंबरच्या सुमारास मुंबईला येतो आणि एप्रिलपर्यंत चालतो. महालक्ष्मीच्या सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेच्या उद्यानासाठी आणि ९१ एकर क्लबकडे, अशी वाटणी २०२४ मध्ये ठरली. त्या वर्षभर पंटरांच्या गप्पांत घोड्यांपेक्षा जमीनच जास्त होती. इंडियन डर्बी ही शर्यत १९४३ पासून होते : फेब्रुवारीचा पहिला रविवार, २४०० मीटर, चार वर्षांचे घोडे. पहिली डर्बी बडोद्याच्या गायकवाड महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने जिंकली. डर्बीच्या दिवशी पहिल्यांदा आलेल्या पाहुण्यालाही दोन-चार टिपा मिळतात. बाकीचा हंगाम रेसचे पुस्तक, म्हणजे घोड्यांची छापील माहिती, वाचणाऱ्यांचा.

पहाटेचे काम

महालक्ष्मीला सकाळी फिरायला जाणाऱ्यांना कठड्यापलीकडे घोडे दौडताना दिसतात. रेसवाले त्याला ट्रॅकवर्क म्हणतात. स्टॉपवॉच घेतलेली काही मंडळी अंतराच्या खांबांवर नजर ठेवून उभी असतात, आणि त्यांनी टिपलेले पुढे छापून येते. एका घोड्याला जेमतेम एक ओळ मिळते : घोड्याचे नाव, कंसात जॉकीचे नाव किंवा ‘आर. बी.’, आणि मग ‘१०००/१:०५, ६००/३८. मूव्हड वेल.’ आर. बी. म्हणजे रायडिंग बॉय, कामापुरता वर बसलेला पोरगा. हजार मीटरना एक मिनिट पाच सेकंद लागले, त्यातल्या शेवटच्या सहाशेला ३८. शेवटी ‘ईझी’ असेल तर घोडा स्वतःच्या मर्जीने गेला. ‘प्रेस्ड’ किंवा ‘अर्ज्ड’ असेल तर वरच्याने जोर लावून घेतला. ईझी ३८ आणि प्रेस्ड ३८ यांत अख्ख्या महिन्याच्या तयारीचा फरक असू शकतो. काम आतल्या वाळूच्या ट्रॅकवर झाले की बाहेरच्या, फॉल्स रेल (तात्पुरता सरकवलेला कठडा) लावलेली होती का, हेही बघावे लागते. वर बसलेल्याचे वजन मात्र ओळीत कुठेच नसते. दोन घोडे जोडीने पळवले असतील तर कोण कोणाच्या किती पुढे राहिला, हे लिहितात. नवख्या घोड्याची किंमत अनेकदा त्याच्या जोडीदारावरूनच कळते.

घड्याळवाले कुठे उभे असतात हे ट्रेनरलाही माहीत असते. त्यामुळे या ओळीत खोटे काही नसले तरी सगळे खरे असेलच असे नाही.

वजन आणि संशय

आपल्याकडच्या बहुतेक शर्यती हँडिकॅपच्या. प्रत्येक घोड्याला रेटिंग असते, त्यावरून वर्ग ठरतो आणि वर्गात पाठीवर किती वजन घ्यायचे ते ठरते. एका पॉइंटला अर्धा किलो. चौथ्या वर्गात २० ते ४६ रेटिंगचे घोडे, तिसऱ्यात ४० ते ६६. आता ४४ रेटिंगचा घोडा घ्या. तो दोन्हीकडे पळू शकतो. वरच्या टोकाच्या घोड्याला ६० किलो धरले, तर चौथ्या वर्गात आपल्या घोड्याला ५९ किलो मिळतात आणि तिसऱ्यात फक्त ४९. तिसऱ्यात समोर तगडे घोडे, पण पाठ हलकी. चौथ्यात समोर कच्चे घोडे, पण पाठीवर जड ओझे. ट्रेनरने त्याला कोणत्या शर्यतीत टाकले, यातच त्याचे मत दिसते. पुस्तक वाचणारा पंटर नेमके तेच वाचत असतो.

जिंकला की रेटिंग चढते, हरत राहिला की उतरते. महाराष्ट्रातल्या निम्म्याअधिक टिपा या उतरण्यावर पोसल्या आहेत. घोडा तीन वेळा ‘ओढला’ (मुद्दाम मागे ठेवला), वजन उतरवून घेतले आणि ‘आज सोडणार’, ही टिप दर रविवारी कोणत्या ना कोणत्या घोड्याच्या नावावर फिरते. ओढणे हा गुन्हा आहे. स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीवर देखरेख करणारे अधिकारी, चौकशी करतात, जॉकीला निलंबितही करतात, आणि स्वतः पैसे लावायला तर जॉकीला मुळातच मनाई आहे. पण हरलेल्या माणसाला घोडा दमला होता यापेक्षा तो ओढला होता हे जास्त पटते. प्रस्तुत लेखकाच्या मते ओढल्याच्या कहाण्यांपैकी बहुतेक कहाण्या निकालानंतर जन्मतात.

तबेल्यातली टिप

सगळ्यांत वरची टिप मोतद्दाराची, अशी जुनी समजूत आहे. घोड्याचा खरारा तो करतो, पायांना पट्ट्या तो बांधतो, आणि घोड्याने काल रात्री चंदी (दाणा) संपवली की निम्मी सोडली, हे पहिल्यांदा त्यालाच कळते. चंदी सोडलेला घोडा रविवारी येत नाही असे सांगतात, आणि यात बरेच तथ्य आहे. अडचण एवढीच की चौदा घोड्यांच्या शर्यतीत मोतद्दारही चौदा असतात, आणि आपला घोडा येणार नाही असे त्यांतला क्वचितच कोणी म्हणतो. त्यापेक्षा शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकच्या कठड्याला टेकून उभे राहावे. कान, घाम, चाल सगळे समोर असते, आणि त्यासाठी कोणाला चहा पाजावा लागत नाही.

भाव

टोटवर, म्हणजे क्लबच्या तिकीट-खिडकीवर, सगळ्यांचे पैसे एका गंगाजळीत जमतात. कर आणि कमिशन वजा करून उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. उदाहरणादाखल एका शर्यतीत १ लाख रुपये लागले आणि वजावटीनंतर ८० हजार उरले असे समजू. आलेल्या घोड्यावर १० हजार लागले असतील, तर १० रुपयांच्या तिकिटाला ८० रुपये. त्याच घोड्याची टिप फुटून त्याच्यावर ४० हजार लागले असते, तर तिकिटाला २० रुपये. घोडा तोच आणि बातमीही तीच. ती ऐकणारे कान वाढले तसा भाव पडला. म्हणून खरी खबर असलेला माणूस शर्यतीनंतर बोलतो, आणि शर्यतीआधी टिप वाटत फिरणाऱ्याकडे शहाणे लोक जरा संशयाने बघतात.

जॉकीच्या नावावर पैसे लावणाऱ्यांनाही हाच अनुभव. पेसी श्रॉफ यांनी जॉकी म्हणून आठ वेळा इंडियन डर्बी जिंकली. ते ज्या घोड्यावर बसत त्याचा भाव आपोआप उतरे.

मैदानावर बुकमेकर बसतात त्या रिंगमधला हिशेब वेगळा. पैसे लावले त्या क्षणी जो भाव फळ्यावर असेल, तोच मिळतो. त्यामुळे टिप ऐकून लोक तिकडे धावतात, आणि बुकी भराभर भाव पुसून नवे लिहितो. पुष्कळ जण घोड्यांकडे न बघता त्या फळ्याकडेच बघतात : कोणाचा भाव अचानक तुटला, म्हणजे कोणाला तरी काहीतरी कळले आहे. यालाही टिप म्हणायला हरकत नाही, फक्त ती देणारा दिसत नाही. पहिले तीन घोडे क्रमाने सांगायच्या ‘टनाला’ या भारतीय पैजेत किंवा लागोपाठ पाच शर्यतींच्या जॅकपॉटमध्ये मात्र एका टिपेने भागत नाही. तिथे एक पक्का घोडा ‘बँकर’ धरून बाकीच्या जागी तीन-तीन, चार-चार घोडे घेतात.

कौशल्य की जुगार

सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी १९९६ रोजी डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात घोड्यांच्या शर्यतीत नशिबापेक्षा कौशल्याचा भाग मोठा आहे असा निर्णय दिला. रेसचे पुस्तक बगलेत मारून फिरणाऱ्यांना त्या दिवशी प्रतिष्ठा मिळाली. करखात्याला हे पटलेले दिसत नाही. २०१७ पासून २८ टक्के जीएसटी, १ ऑक्टोबर २०२३ पासून तो लावलेल्या पूर्ण रकमेवर, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के; लॉटरी आणि कॅसिनोच्याच रांगेत. कर न भरणाऱ्या बेकायदा बुकींकडे गिऱ्हाईक वळते, ही क्लबांची तक्रार जुनी आहे.

शर्यतीनंतर

टिप पडली की कारणे येतात : सुटताना घोडा मागे राहिला, वळणावर कोंडला गेला, पेनेट्रोमीटरच्या (जमीन किती मऊ ते मोजणाऱ्या यंत्राच्या) आकड्यावरून मैदान जड होते. यांतली काही कारणे खरी असतात आणि पुढच्या वेळी पैसे देतात; म्हणून जाणकार शर्यतीची चित्रफीत पुन्हा पाहतात आणि हरलेल्या घोड्यांच्या नावांपुढे खुणा करतात. हरण्याचे अंतर घोड्याच्याच अंगाने मोजतात : नाक, डोके, मान, मग लांबी. नाकाने हरलेल्या टिपेबद्दल माणूस वर्षानुवर्षे बोलतो, आठ लांबींनी हरलेली त्याला आठवत नाही.

छापील निकालात आधी पहिले चार घोडे, मग अंतरे, वेळ, विन (पहिला येण्यावरची पैज), प्लेस (पहिल्या काहींत येण्यावरची) आणि टनालाचे डिव्हिडंड, म्हणजे तिकिटाला मिळालेले पैसे, आणि त्यानंतर एक शब्द असतो : ‘फेवरेट’. त्यापुढे ज्या घोड्यावर लोकांचा सर्वाधिक पैसा होता त्याचे नाव. पहिल्या चारांत ते नाव कुठेच नसले, तरी ते छापतात.