ब्रिटन यांची कँटिकल्स आणि दोन गळ्यांतला देव

इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांची पाचही कँटिकल्स, म्हणजे धार्मिक आशयाच्या गायनरचना, मिळून साधारण ५५ मिनिटांची होतात, एका सीडीत सहज बसतात. ती एका बैठकीत मात्र लिहिलेली नाहीत. १९४७ ते १९७४ या काळात प्रत्येक रचना ठरावीक गळे आणि वाद्ये समोर ठेवून झाली. त्यामुळे नंतरच्या प्रत्येक ध्वनिमुद्रणापुढे पहिला प्रश्न असतो: त्या गळ्यांच्या जागी कोणाला उभे करायचे?

पहिल्या कँटिकलला सतराव्या शतकातील कवी फ्रान्सिस क्वार्ल्स यांचे शब्द आहेत. नमुना त्याच शतकातील इंग्रज संगीतकार हेन्री पर्सेल यांच्या भक्तिगीतांचा. धार्मिक आशय, पण चर्चच्या उपासनेसाठी नाही, मैफलीसाठी. टेनर, म्हणजे उंच पट्टीचे पुरुष गायक, पीटर पिअर्स पाचही रचनांत आहेत.

ध्वनिमुद्रणाची खरी कसोटी दुसऱ्या कँटिकलमध्ये, ‘अब्राहम अँड आयझॅक’मध्ये लागते. इंग्लिश ऑपेरा ग्रुप या ऑपेरा कंपनीसाठी निधी उभारायच्या दौऱ्याकरता ही रचना झाली आणि जानेवारी १९५२ मध्ये नॉटिंगहॅमला प्रथम गायली गेली. शब्द मध्ययुगीन चेस्टर नाट्यचक्रातले, म्हणजे बायबलच्या कथांवरील नाटकांच्या मालिकेतले. कथेत देव अब्राहमकडे त्याच्या मुलाचा, आयझॅकचा बळी मागतो आणि ऐनवेळी देवदूत त्याला थांबवतो. टेनर अब्राहम, तर कॅथलीन फेरियर यांचा काँट्राल्टो, म्हणजे खालच्या पट्टीचा स्त्री आवाज, आयझॅक. देवासाठी तिसरा गायक नाही. तेच दोघे एका लयीत, अगदी जवळच्या स्वरांत गातात. खाली पियानोवर ई-फ्लॅट मेजरचे विलग स्वर हळुवार उमटतात. आणि ही योजना थक्क करणारी आहे: बळी मागणारा आवाज बाप आणि मुलगा यांच्याच गळ्यांतून येतो.

दोघांचा स्वरकंप वेगळा असला, किंवा एकाचा स्वर किंचित आधी उघडला, तर देवाऐवजी साधे युगुलगीत ऐकू येते. स्टिरिओत एकाला डावीकडे, दुसऱ्याला उजवीकडे ठेवले तरी हाच घोटाळा. या ओळींसाठी दोघांना शेजारी आणि मायक्रोफोनपासून थोडे मागे उभे करणे हा साधा उपाय. संवाद सुरू झाला की पुन्हा आपापल्या जागी.

फेरियर १९५३ मध्ये वारल्या. ब्रिटन आणि पिअर्स यांनी १९६१ मध्ये ध्वनिमुद्रण केले तेव्हा आयझॅक गायला जॉन हाहेसी हा मुलगा. त्याने कोवळेपण खरे होते, पण मुलाचे खालचे स्वर पातळ पडतात आणि पियानोला फार जपून वाजावे लागते. काउंटरटेनर, म्हणजे स्त्रीस्वराच्या पट्टीत गाणारा पुरुष, घेतला तर खालची बाजू सावरते, देवाचा आवाज अधिक एकजीव होतो. मुलाचे भय तेवढे कमी टोचते. मला हाहेसीचेच ध्वनिमुद्रण जवळचे वाटते.

त्याच सुमारास ब्रिटन ‘वॉर रेक्विएम’ ही युद्धातील मृतांसाठीची मोठी रचना लिहीत होते. त्यात हेच संगीत परतते, पण पहिल्या महायुद्धातील कवी विल्फ्रेड ओवेन यांच्या याच कथेवरील कवितेसह, जिथे म्हातारा देवदूताचे ऐकत नाही आणि मुलाला मारतो.

तिसऱ्यात, १९५४ मध्ये, हॉर्नवादक डेनिस ब्रेन यांच्यासाठी हॉर्न हे पितळी फुंकवाद्य आले. हॉर्नचे तोंड मागे वळलेले असते, त्यामुळे मागची भिंत कठीण असेल तर तो गायकाला गिळतो. चौथ्यात तीन पुरुष गायक. पाचव्यात पियानोच नाही: १९७३ च्या हृदयशस्त्रक्रियेनंतर ब्रिटन यांना वाजवणे शक्य नव्हते, म्हणून पिअर्स यांच्या साथीला ओसियन एलिस यांची हार्प आली.