नाकाची रुंदी आणि तोंडवळा: चेहरा मोजण्याची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२२मध्ये देशात फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा लागू झाला. त्यात ‘मापं’ या शब्दाची व्याख्या दिली आहे, आणि ती वाचताना थबकायला होतं. बोटांचे, तळहातांचे, पावलांचे ठसे, बुबुळाचं नि दृष्टिपटलाचं स्कॅनिंग, शरीरातून घेतलेले नमुने, सही, हस्ताक्षर, आणि छायाचित्र. हे सगळं ‘माप’. ही नोंद ७५ वर्षं जपून ठेवता येते. हा कायदा ज्याच्या जागी आला, त्या १९२०च्या कैदी ओळख कायद्यातही ‘मापं’ हाच शब्द होता. पण तिथे मापांमध्ये बोटांचे आणि पावलांचे ठसे धरले होते आणि छायाचित्राचा उल्लेख वेगळा होता. माप वेगळं, फोटो वेगळा. शंभर वर्षांत फोटोच माप कसा झाला, त्याची ही गोष्ट आहे. ती पॅरिसमध्ये सुरू होते, कलकत्त्यात रंगते, आणि मध्ये नागपूर, मुंबई नि पुणे लागतात.

आधी एक भाषेतली गोष्ट. आपल्याकडे चेहऱ्याबद्दल बोलायच्या दोन तऱ्हा आहेत. ‘नाकीडोळी नीटस’ म्हणताना आपण चेहऱ्याचे भाग सुटे करून बघतो. ‘तोंडवळा आजीसारखा आहे’ म्हणताना मात्र कुठलाच भाग सुटा नसतो. नाक आजीचं नाही, डोळे आजीचे नाहीत, तरी दारात उभी राहिली की आजीच वाटते. चेहरा मोजणाऱ्यांनी जवळजवळ शंभर वर्षं पहिली तऱ्हा वापरली. मेंदू मात्र बहुतांशी दुसरीवर चालतो.

बर्तियाँ आणि त्याचे कॅलिपर

अल्फाँस बर्तियाँ हा १८७९मध्ये पॅरिसच्या पोलीस खात्यात कारकून म्हणून लागला. त्याची अडचण साधी होती. पकडलेला चोर नाव बदलून सांगतो, तर तो आधी शिक्षा भोगून गेलाय हे ओळखायचं कसं? फोटो हजारोंनी होते, पण फोटो काही नावाच्या अक्षरांसारखे क्रमाने लावता येत नाहीत. माणसाची हाडं विशीनंतर फारशी बदलत नाहीत, म्हणून त्याने कॅलिपर (दोन टोकांमधलं अंतर मोजायचं, कंपाससारखं साधन) घेऊन हाडं मोजायला घेतली. उंची, पसरलेल्या हातांची लांबी, डोक्याची लांबी-रुंदी, उजवा कान, डावं पाऊल, डाव्या हाताचं मधलं बोट अशी ११ मापं. प्रत्येक मापाचे लहान, मध्यम, मोठं असे तीन गट पाडायचे आणि त्यानुसार कार्ड खणात टाकायचं. १८८३मध्ये या पद्धतीने पहिला जुना गुन्हेगार सापडला.

गंमत अशी की, या मापांत चेहऱ्याचा वाटा अगदीच थोडा. चेहरा फसवतो, मिशा वाढवल्या की बदलतो, गाल बसले की बदलतो, हे बर्तियाँला पक्कं माहीत होतं. त्यामुळे चेहऱ्यासाठी त्याने आकड्यांऐवजी शब्दांचा कोश केला: नाकाची पाठ कशी, कानाची पाळी कशी, वगैरे. शिवाय समोरून एक आणि बाजूने एक अशी फोटोंची जोडी. ती पोलिसांच्या दप्तरात आजही तशीच चालते.

बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांनी ही मापपद्धत तिकडे आणली. ती टिकली नाही, कारण एकाच माणसाला दोन हवालदारांनी मोजलं की दोन वेगळे आकडे यायचे. कलकत्त्यात १८९७मध्ये बोटांच्या ठशांचं कार्यालय सुरू झालं. ठशांच्या वर्गीकरणाचं मोठं काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी केलं. नाव मात्र ‘हेन्री पद्धत’ असं पडलं. ठसे आले आणि पोलिसांच्या कामातून कॅलिपर मागे पडला.

रिझलेचं नाक

तोवर कॅलिपर दुसऱ्याच कामाला लागला होता. हर्बर्ट रिझले हा आयसीएस अधिकारी. त्याने १८८०च्या दशकात बंगाल, संयुक्त प्रांत (साधारण आजचा उत्तर प्रदेश) आणि पंजाबात सुमारे सहा हजार माणसांची मापं घ्यायला लावली. त्यातलं त्याचं लाडकं माप नाकाचं. नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचं आणि शंभराने गुणायचं, की झाला नासिका निर्देशांक. ७०च्या खाली आला तर नाक अरुंद, ७० ते ८५ मध्यम, त्यावर रुंद. या आकड्यांवरून त्याने १८९१मध्ये जो नियम मांडला, तो आज वाचला तर विनोद वाटेल: पूर्व हिंदुस्थानात माणसाची सामाजिक पत त्याच्या नाकाच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असते. रुंद नाक म्हणजे खालची जात, सरळ नाक म्हणजे वरची, आणि त्यामागे आर्य-द्रविड वंशांचा सिद्धांत. विनोद म्हणून सोडूनही दिला असता. पण हाच रिझले पुढे १९०१च्या जनगणनेचा आयुक्त झाला आणि त्या जनगणनेत जातींची उच्चनीच क्रमवारी लावायचा घाट घातला गेला. देशभरातून अर्जांचा पाऊस पडला: आमची जात वर घ्या.

रिझलेला आकड्यांनीच उत्तर देणाऱ्यांत दोन नावं आपल्या भागातली आहेत. पहिलं गोविंद सदाशिव घुर्ये यांचं. मालवणचे, केंब्रिजला शिकलेले, मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख. जात आणि वंश यांवरच्या १९३२च्या ग्रंथात त्यांनी रिझलेचेच आकडे पुन्हा मांडले. संयुक्त प्रांतात रिझलेची उतरंड बऱ्यापैकी दिसते, हे त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केलं. पण इतर भाषिक प्रदेशांत जातीचा क्रम एकीकडे आणि नाकांचा क्रम दुसरीकडे, असं चित्र होतं. सरळ मराठीत सांगायचं तर नाक जातीपेक्षा प्रांताचं जास्त ऐकतं.

दुसरं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. १९४८च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये त्यांनी घुर्यांची ही कोष्टकं घेतली आणि प्रश्न एका घावात संपवला. आकडे खरे मानायचे असतील तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य. ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. मला या युक्तिवादातलं सगळ्यात आवडतं ते हे की, त्यांनी मोजणीलाच नाकारलं नाही. मोजणाऱ्याच्या हातातली पट्टी घेऊन त्यालाच मोजून दाखवलं.

नागपुरातली एक भेट

१९२० म्हटलं की नागपूरकरांना डिसेंबरातलं काँग्रेसचं अधिवेशन आठवतं. त्याच वर्षी तिथे भारतीय विज्ञान काँग्रेसही भरली होती. प्रशांतचंद्र महालनोबिस तेव्हा कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत आणि संख्याशास्त्राचा नाद हौसेखातर करत. नागपुरात त्यांना प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल भेटले. अ‍ॅनंडेलकडे कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांची मापं पडून होती. यांचं काही करता येईल का, असा तो प्रश्न. त्या मापांवरचा महालनोबिसांचा पहिला लेख १९२२मध्ये आला, आणि भारतातलं संख्याशास्त्र ज्यांच्या नावाने ओळखलं जातं त्यांचं त्या विषयातलं काम अशा रीतीने माणसांच्या मापांपासून सुरू झालं.

त्यातून निघालेला प्रश्न असा: दोन समूह एकमेकांपासून किती ‘लांब’ आहेत हे अनेक मापं एकत्र धरून कसं सांगायचं? नुसत्या फरकांची बेरीज चालत नाही. लांब चेहऱ्यावर नाकही बहुधा लांबच असतं. दोन्ही वेगवेगळी मोजली तर एकच फरक दोनदा धरला जातो. शिवाय एका मापात माणसामाणसांत एरवीही खूप फरक असतो आणि दुसऱ्यात थोडा, त्यामुळे दोन्हींतल्या एक मिलिमीटरचं मोल सारखं नसतं. या दोन्ही गोष्टींचा हिशोब ठेवणारं सूत्र महालनोबिसांनी १९३६मध्ये पक्कं केलं. ‘महालनोबिस अंतर’ म्हणून ते आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. वाटेत त्यांनी रिझलेचे बंगालचे छापील आकडे तपासून त्यांतल्या चुका दुरुस्त केल्या आणि चेहऱ्याची बाजूची रेषा टिपायला कॅमेऱ्याचं एक उपकरणही बनवलं.

महाराष्ट्रात हे काम इरावती कर्वे यांनी केलं. त्यांचं प्रशिक्षण बर्लिनचं, आणि मार्गदर्शक ऑयगेन फिशर. नाझींच्या वंशशास्त्राला बळ देणाऱ्यांत ज्याचं नाव घेतलं जातं, तोच. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक आणि वंश यांचा संबंध लागतो का, हा इरावतीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता. त्यांनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं: लागत नाही. फिशरच्या संस्थेत बसून, परदेशी विद्यार्थिनीने. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना वि. म. दांडेकरांबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या लोकांच्या मापांचा ग्रंथ १९५१मध्ये काढला. १९६८मध्ये कैलाश मल्होत्रांबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना केली. एका नावाखाली, एका दर्जावर नांदणारे हे गट शरीराने मात्र एकसारखे नव्हते. एकच जात फुटून पोटजाती झाल्या या समजाला त्याने धक्का बसला.

डोळा काय करतो

इकडे प्रयोगशाळांत वेगळाच शोध चालला होता. १९४७मध्ये जर्मन मेंदूतज्ज्ञ योआकिम बोडामर यांनी डोक्याला जखमा झालेल्या काही रुग्णांचं वर्णन केलं. या माणसांना नाक दिसे, डोळे दिसत, कप कप म्हणून कळे. पण समोरचा चेहरा कुणाचा ते कळेना. ओळख पटे ती आवाजावरून नाहीतर कपड्यांवरून. म्हणजे चेहरा ओळखणं हे वस्तू ओळखण्याहून काहीतरी निराळं काम असावं.

रॉबर्ट यिन यांनी १९६९मध्ये ते फार सोप्या प्रयोगाने दाखवलं. घरांची चित्रं उलटी केली तर लोक थोडे गोंधळतात; चेहरे उलटे केले तर फारच गोंधळतात. घरच्या अल्बममधला फोटो उलटा धरून बघा. नाक, डोळे, ओठ सगळं जागच्या जागी असतं, पण ‘तोंडवळा’ निघून जातो. १९८०मध्ये पीटर थॉम्प्सन यांनी मार्गारेट थॅचर यांच्या फोटोतले डोळे आणि तोंड कापून उलटे चिकटवले आणि अख्खा फोटो उलटा दाखवला. काही बिघडलंय असं वाटतच नाही. फोटो सरळ केला की दचकायला होतं.

१९९७मध्ये नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या खालच्या बाजूला, बहुधा उजवीकडे, चेहरे दिसले की विशेष जागा होणारा भाग दाखवला. इझाबेल गोतिये यांनी लगेच शंका काढली: तो भाग चेहऱ्यांचा आहे की सरावाचा? पक्षी आणि मोटारी यांचे दर्दी त्यांच्या आवडीच्या गोष्टी बघतात तेव्हाही तो भाग जास्त चेततो, असं त्यांना आढळलं. हा वाद पुरता मिटलेला नाही. सरावाला महत्त्व आहे हे मात्र दुसरीकडूनही दिसतं. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या आणि काही महिन्यांतच शस्त्रक्रिया झालेल्या मुलांना पुढे वर्षानुवर्षं बघूनही चेहऱ्यातल्या अंतरांचे बारीक फरक नीट कळत नाहीत, हे २००१मध्ये प्रसिद्ध झालं. पहिले काही महिने हुकले, ते हुकले.

आणि आपण चेहरे ओळखण्यात पटाईत आहोत हा समजही अर्धाच खरा. २०११च्या एका ब्रिटिश अभ्यासात दोन डच प्रसिद्ध स्त्रियांचे प्रत्येकी २० फोटो एकत्र करून लोकांना दिले: एका व्यक्तीचे फोटो एका गठ्ठ्यात लावा. ओळख नसलेल्या ब्रिटिशांनी सरासरी सात-आठ गठ्ठे केले. डच लोकांनी झटकन दोन. ओळखीच्या चेहऱ्याला आपण राजे, अनोळखी चेहऱ्याला जवळजवळ आंधळे. ऑस्ट्रेलियातले पासपोर्ट अधिकारी समोरचा माणूस आणि फोटो जुळवण्यात विद्यार्थ्यांपेक्षा सरस नाहीत, हे २०१४मध्ये आढळलं. १४ टक्के वेळा त्यांनी भलत्याच माणसाचा फोटो बरोबर ठरवला.

यंत्राने नाक सोडलं

चेहरा ओळखणाऱ्या यंत्राचीही सुरुवात बर्तियाँच्या वाटेनेच झाली. १९६०च्या दशकात अमेरिकेत वुडी ब्लेडसो यांनी फोटोवर हाताने खुणा करवून घेतल्या आणि डोळ्यांची, तोंडाची अशी वीसेक अंतरं संगणकाला दिली. १९७३मध्ये क्योतोच्या ताकेओ कानादे यांनी त्या खुणा यंत्राकडूनच करवल्या. पण मान जरा वळली की अंतरं बदलायची.

मग १९८७मध्ये सिरोविच आणि कर्बी यांनी नाक-डोळ्यांचा नाद सोडला. अनेक फोटोंचा सरासरी चेहरा काढायचा आणि बाकीचे चेहरे त्यापासून कोणकोणत्या दिशेने हलतात तेवढं पाहायचं. १९९१मध्ये टर्क आणि पेंटलंड यांनी त्यावरून ओळख पटवून दाखवली. पुढे अशा आकड्यांची तुलना करताना महालनोबिस अंतरही वापरलं गेलं. अँग्लो-इंडियनांच्या मापांतून उगवलेलं सूत्र असं पुन्हा चेहऱ्यावर आलं. २०१५मध्ये गूगलच्या संशोधकांनी एक चेहरा १२८ आकड्यांत बसवला. त्यातला कुठला आकडा नाकाचा हे कुणी विचारू नये. तसा तो नसतोच. यंत्र एका अर्थाने तोंडवळ्यापर्यंत पोचलं. माकडांच्या मेंदूतही साधारण असाच हिशोब दिसतो: २०१७मध्ये ले चांग आणि डोरिस त्साओ यांनी दोनशेच्या आसपास पेशींच्या हालचालींवरून माकडाने पाहिलेला चेहरा जवळपास हुबेहूब परत काढून दाखवला.

पण सरासरी चेहरा कुणाच्या फोटोंतून काढलाय, हा प्रश्न राहिलाच. २०१८मध्ये जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी बाजारातल्या तीन प्रणाल्यांना चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष एवढंच विचारलं. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत.

आणि अंतर कितीही नीट मोजलं, तरी किती अंतराला ‘तोच माणूस’ म्हणायचं ही रेघ शेवटी कुणीतरी आखावीच लागते. रिझलेने नाकांसाठी ७० आणि ८५ या रेघा वापरल्या होत्या. नवा कायदा लागू झाला त्याच महिन्यात, माहिती अधिकाराला दिलेल्या उत्तरातून दिल्ली पोलिसांची रेघ बाहेर आली. चेहरा ८० टक्क्यांहून जास्त जुळला की ते त्याला जुळला असं धरतात. आणि ८०च्या खाली आला, तरी त्या माणसाला लगेच सोडून देत नाहीत. दुसरा पुरावा मिळतो का ते बघतात.