शेवटचा दगड : ईव्ह म्युअरहेडच्या सुवर्णपदकामागची वीस वर्षं

दक्षिण कोरियातलं गांगनेउंग, २४ फेब्रुवारी २०१८. महिला कर्लिंगचा कांस्यपदकाचा सामना शेवटच्या दगडावर येऊन ठेपला होता. जपान ४, ब्रिटन ३. दगड ब्रिटनच्या कर्णधाराच्या, ईव्ह म्युअरहेडच्या हातात. एक गुण घेऊन बरोबरी साधायची आणि सामना पुढे न्यायचा, की जपानचा दगड उडवून दोन गुण घ्यायचे आणि पदक तिथल्या तिथे मिळवायचं? तिने दुसरा मार्ग धरला. दगडांची टक्कर झाली, सगळे थांबले, आणि मध्यबिंदूच्या सर्वांत जवळ उरला तो जपानचाच दगड. ५-३. ईव्ह रिकाम्या हातांनी स्कॉटलंडला परतली.

बरोबर चार वर्षांनी, बीजिंगमध्ये, याच जपानला हरवून तिने ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. त्या विजयाच्या बातम्यांमध्ये 'पराभवाची परतफेड' असं बरंच काही लिहून आलं. मला ते अपुरं वाटतं. मधल्या चार वर्षांत ती काय करत होती आणि तिच्याआधी या खेळात काय घडून गेलं होतं, हे कळल्याशिवाय त्या सुवर्णाचं वजन लक्षात येत नाही. म्हणून हे टिपण.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात. सुमारे पंचेचाळीस मीटर लांबीची बर्फाची पट्टी, टोकाला बर्फाखाली रंगवलेली वर्तुळं. या वर्तुळांना 'हाउस' म्हणतात. प्रत्येक संघात चौघी, प्रत्येकीचे दोन दगड, म्हणजे एका फेरीत दोन्ही संघांचे मिळून सोळा. या फेरीला 'एंड' म्हणायचं, आणि ऑलिंपिकच्या सामन्यात असे दहा एंड असतात. एंड संपल्यावर ज्या संघाचा दगड मध्याच्या सर्वांत जवळ, त्यालाच गुण. आपल्याकडच्या वाचकाला कॅरम आठवेल, आणि ते बरोबरच आहे : नेम, कोन, मध्ये आडव्या येणाऱ्या सोंगट्या, सगळं तसंच. फरक इतकाच की कॅरममध्ये स्ट्रायकर बोटातून सुटला की सुटला. इथे दगड सुटल्यावरही दोघीजणी त्याच्यापुढे धावत ब्रशने बर्फ घासत असतात. घासल्याने घर्षण कमी होतं, दगड लांब जातो आणि कमी वळतो. कधी घासायचं आणि कधी थांबायचं हे पलीकडच्या टोकाला उभी असलेली स्किप ओरडून सांगते. स्किप म्हणजे कर्णधार, आणि बहुतेक संघांत शेवटचे दोन दगडही तीच टाकते. एंडमधला अगदी शेवटचा दगड ज्या संघाच्या वाट्याला येतो, त्याच्याकडे 'हॅमर' आहे असं म्हणतात.

दगडाचं वळणं हा तर वेगळाच प्रकार. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर स्टीलचा पेला उपडा घाला आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गिरकी देत पुढे ढकला. तो डावीकडे वळेल. कर्लिंगचा दगड त्याच गिरकीने उजवीकडे वळतो. असं का, यावर भौतिकशास्त्रज्ञ आजही वाद घालतात. सामन्याआधी बर्फावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून त्याला खरखरीत केलं जातं, आणि दगड टेकतो तोही फक्त तळाच्या अरुंद कड्यावर, एवढं मात्र नक्की. खेळत जावं तसे ते थेंब झिजतात, बर्फाचा स्वभाव पालटतो. सकाळी जो वेग बरोबर ठरला तो संध्याकाळी चुकीचा ठरू शकतो. स्किपचं निम्मं आयुष्य हा बर्फ वाचण्यात जातं.

हा खेळ स्कॉटलंडचा. तिथल्या स्टर्लिंग गावच्या संग्रहालयात १५११ हे साल कोरलेला एक कर्लिंगचा दगड आहे. १५४१ मध्ये पेझ्लीच्या मठातल्या एका भिक्षूने गोठलेल्या पाण्यावर दगड सरकवण्याचं आव्हान दिल्याची लेखी नोंद सापडते. १८३८ मध्ये खेळाची मध्यवर्ती संस्था उभी राहिली. १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरिया स्कोनच्या राजवाड्यात उतरली असताना तिला हा खेळ दिवाणखान्याच्या गुळगुळीत फरशीवर खेळून दाखवला गेला, आणि पुढच्याच वर्षी संस्थेच्या नावामागे 'रॉयल' लागलं. आजही ऑलिंपिकमधले दगड घडतात ते आयरशर परगण्यातल्या मॉखलिन गावी, एल्सा क्रेग नावाच्या बेटावरच्या ग्रॅनाइटपासून. हे बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला एक सुळका. तिथल्या निळसर ग्रॅनाइटमध्ये पाणी मुरत नाही, त्यामुळे बर्फावर राहूनही तो तडकत नाही. एका दगडाचं वजन जवळपास वीस किलो.

ऑलिंपिकशी या खेळाचं नातं मात्र बराच काळ तुटक राहिलं. १९२४ मध्ये शामोनीला पुरुषांचं कर्लिंग झालं, ब्रिटनने ते जिंकलंही, पण त्या पदकांना अधिकृत मान्यता मिळाली थेट २००६ मध्ये. मधल्या काळात प्रदर्शनापुरती हजेरी. १९९८ मध्ये नागानोला कर्लिंग कायमचं परत आलं, महिलांसह.

मग २००२ चं सॉल्ट लेक सिटी. रोना मार्टिनच्या संघाने अंतिम फेरीत स्वित्झर्लंडला ४-३ असं हरवलं, तेही सामन्याच्या शेवटच्या दगडावर. ब्रिटनमध्ये तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती आणि पन्नास लाखांहून जास्त लोक टीव्हीपुढे जागे होते. १९८४ नंतर ब्रिटनला हिवाळी ऑलिंपिकमध्ये मिळालेलं ते पहिलं सुवर्ण. ज्या खेळाकडे बाकीचा देश ढुंकूनही पाहत नव्हता, त्याची चर्चा दुसऱ्या दिवशी घरोघरी होती. ईव्ह म्युअरहेड तेव्हा अकरा वर्षांची होती.

तिचा जन्म १९९० चा, पर्थचा. ती वाढली ब्लेअर अथॉल या डोंगराळ गावात, मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात. वडील गॉर्डन स्वतः स्कॉटलंडकडून जागतिक स्पर्धा खेळलेले. ग्लेन आणि थॉमस हे भाऊही पुढे ऑलिंपिकपर्यंत पोहोचले. म्हणजे कर्लिंग घरातच होतं. शिवाय ती गोल्फ उत्तम खेळायची, इतकं की अमेरिकेतल्या विद्यापीठांकडून शिष्यवृत्तीची विचारणा झाली होती. बॅगपाइपही वाजवायची. तिने निवडला तो दगड. माझ्या मते इथेच तिचं वेगळेपण दिसतं, कारण गोल्फमध्ये पैसा होता आणि कर्लिंगमध्ये चार वर्षांतून एकदा येणारी प्रसिद्धी.

कनिष्ठ गटाचं जागतिक विजेतेपद तिने चारदा मिळवलं : २००७, २००८, २००९ आणि २०११. शेवटच्या दोन विजयांच्या मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, ती व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये ब्रिटनची स्किप होती. तिच्या संघातल्या जॅकी लॉकहार्टसारख्या खेळाडू तिच्याहून कितीतरी वर्षांनी मोठ्या, आणि आज्ञा द्यायच्या तिने. नऊपैकी तीन सामने जिंकून संघ सातवा आला. त्यानंतर महिन्याभरातच जागतिक स्पर्धेत रौप्य. २०१३ मध्ये रीगा इथे स्वीडनला हरवून ती जगज्जेती झाली, बाविसाव्या वर्षी. इतक्या लहान वयात महिलांचं जागतिक विजेतेपद मिळवणारी स्किप तोवर झाली नव्हती.

२०१४ ला सोचीमध्ये तिच्या संघाची प्रशिक्षक होती रोना मार्टिन, तोवर लग्नानंतरचं आडनाव सोडून रोना हौवी झालेली. अमेरिकेविरुद्ध एका एंडमध्ये सात गुण मिळाले. कर्लिंगमध्ये तीन गुण मिळाले तरी आनंद होतो, सात म्हणजे समोरच्याचा धीर खचवणारं. उपांत्य फेरीत कॅनडाने रोखलं, पण स्वित्झर्लंडला ६-५ ने हरवून कांस्य मिळालं. रोनाच्या सुवर्णानंतर बारा वर्षांनी आलेलं पदक. चार वर्षांनी गांगनेउंगमध्ये उपांत्य सामना स्वीडनकडून १०-५ ने गेला आणि कांस्याचा सामना वर सांगितला तसा. बरोबरीसाठी खेळायला हवं होतं, असं म्हणणारे तेव्हाही होते. मला तिचा निर्णय चुकीचा वाटत नाही. जिंकण्याचा फटका दिसत असताना तो न खेळणारी स्किप आधी चार कनिष्ठ आणि एक वरिष्ठ विजेतेपद मिळवू शकली नसती.

त्यानंतरचा काळ फारसा कुणी सांगत नाही, आणि खरी पार्श्वभूमी तिथेच आहे. २०१८ मध्येच तिच्या कंबरेच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली. दगड सोडताना कर्लर एक पाय मागे पसरून, दुसऱ्या पायावर जवळजवळ जमिनीलगत घसरत जाते, आणि वर्षानुवर्षं हजारो वेळा. सांधा झिजणारच. जुना संघही विखुरला. मग कोरोना आला, सराव थांबला. नव्या संघातली व्हिकी राइट ही पेशाने परिचारिका, ती त्या काळात पुन्हा रुग्णालयाच्या वॉर्डात कामाला गेली. २०२१ ची जागतिक स्पर्धा कॅनडातल्या कॅलगरीत कोरोनाच्या कडक निर्बंधांत झाली. पहिल्या सहांत आलं असतं तर ऑलिंपिकचं तिकीट तिथेच मिळालं असतं. तिथे स्कॉटलंडच्या नावाने खेळणाऱ्या ईव्हच्या संघाला ते जमलं नाही.

यानंतर जे झालं ते कर्लिंगच्या परंपरेला धक्का देणारं होतं. या खेळात संघ म्हणजे जवळजवळ कुटुंब. स्किपच्या नावानेच तो ओळखला जातो, 'टीम म्युअरहेड', 'टीम हासेलबोरी' असा. ब्रिटिश कर्लिंगने ठरलेला महिला संघ मोडला आणि नऊ जणींचा एक गट केला. सगळ्यांनी एकत्र सराव करायचा, वेगवेगळ्या जोड्या लावून स्पर्धा खेळायच्या, आणि पाच जणींची निवड शेवटी. सराव स्टर्लिंगच्या राष्ट्रीय अकादमीत. तेच गाव, जिथे १५११ चा दगड आहे. तीन ऑलिंपिक खेळलेल्या, जगज्जेत्या स्किपला आता नवातली एक होऊन आपली जागा पुन्हा मिळवायची होती. एखादी रुसून बाजूला झाली असती. ईव्ह उतरली.

निवडीतून पुढे आला तो संघ असा : ईव्ह, व्हिकी राइट, जेनिफर डॉड्स, हेली डफ आणि राखीव मिली स्मिथ. नोव्हेंबरमध्ये लिलेहामरला युरोपीय सुवर्ण, डिसेंबरमध्ये नेदरलँड्समधल्या लेउवार्डेनच्या पात्रता स्पर्धेतून शेवटच्या क्षणी ऑलिंपिक प्रवेश.

बीजिंगमध्येही सगळं सुरळीत झालं नाही. साखळीत पाच विजय, चार पराभव. ब्रिटन, जपान आणि कॅनडा तिघेही ५-४ वर अडकले, आणि एकमेकींविरुद्धच्या निकालांवरूनही फैसला होईना. अशा वेळी एक वेगळंच माप कामाला येतं. प्रत्येक सामन्याआधी दोन्ही संघ मध्यबिंदूवर दोन-दोन दगड टाकतात, एक घड्याळाच्या दिशेने फिरवून, एक उलट, आणि ते मध्यापासून किती दूर थांबले हे मोजलं जातं. पहिल्या एंडचा हॅमर त्यावरून ठरतो. या मोजमापांची सरासरी जिची कमी, ती पुढे. रिकाम्या पट्टीवर, सामना सुरू होण्याआधी, कुणाचं लक्ष नसताना टाकलेल्या त्या दगडांनी ब्रिटनला तिसरं आणि जपानला चौथं स्थान दिलं. कॅनडा बाहेर गेला.

उपांत्य फेरीत समोर गतविजेती स्वीडन. पहिल्याच एंडमध्ये स्वीडनने चार गुण घेतले. कर्लिंगमध्ये ०-४ म्हणजे बहुतेकदा सामना हातचा गेलेला. ब्रिटनने हळूहळू बरोबरी साधली, पुढेही गेले, स्वीडनने पुन्हा गाठलं, आणि सामना अकराव्या, जादा एंडमध्ये गेला. हॅमर ईव्हकडे होता. चार वर्षांपूर्वी फसलेला शेवटचा दगड पुन्हा तिच्या हातात आला होता. या वेळी तो थांबला जिथे थांबायला हवा तिथेच. १२-११.

अंतिम सामना २० फेब्रुवारी २०२२ ला, रविवारी झाला. बीजिंगमध्ये सकाळचे नऊ, आपल्याकडे साडेसहा, आणि ब्रिटनमध्ये रात्रीचा एक. म्हणजे वीस वर्षांपूर्वीसारखंच पुन्हा तिकडच्या लोकांना मध्यरात्रीनंतर जागावं लागलं. पहिल्या एंडला दोन गुण, सातव्यात चार. स्वीडनविरुद्ध जो ताण होता त्याचा मागमूसही नव्हता. नऊ एंडनंतर धावफलक १०-३ होता आणि सातसुकी फुजिसावाच्या जपानी संघाने हस्तांदोलनासाठी हात पुढे केले. त्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला मिळालेली पदकं अवघी दोन, दोन्ही कर्लिंगची. आदल्या दिवशीचं पुरुषांचं रौप्य आणि हे एकमेव सुवर्ण.

त्याच वसंतात तिने बॉबी लॅमीबरोबर मिश्र दुहेरीचं जागतिक विजेतेपद मिळवलं आणि ऑगस्टमध्ये, बत्तिसाव्या वर्षी, निवृत्ती जाहीर केली. पुढे २०२६ च्या मिलान-कोर्तिना ऑलिंपिकसाठी ब्रिटनच्या संपूर्ण पथकाची प्रमुख म्हणून तिची नेमणूक झाली.

बीजिंगच्या त्या अंतिम सामन्याचा दहावा एंड खेळलाच गेला नाही. तिचा शेवटचा दगड टाकण्याची वेळच आली नाही.