कमिंग्ज, कँडी
(१८ ऑक्टोबर १८४८ – १६ मे १९२४). आरंभीच्या व्यावसायिक बेसबॉलमधील अमेरिकन पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू). पूर्ण नाव विल्यम आर्थर कमिंग्ज. जन्म मॅसॅचूसेट्समधील वेअर येथे. ‘कँडी’ म्हणजे तत्कालीन बोलीत ‘अव्वल’. टोपणनाव त्यावरून पडले असे सामान्यतः मानतात.

कर्व्हबॉलचा (हवेत वळणाऱ्या चेंडूचा) जनक ही त्याची ख्याती, आणि वादही तिच्याभोवतीच आहे. १८६३ मध्ये ब्रुकलिनच्या किनाऱ्यावर मुलांनी भिरकावलेले शिंपले हवेत वळताना पाहून कल्पना सुचली आणि १८६७ मध्ये ब्रुकलिनच्या एक्सेल्सियर संघाकडून हार्वर्ड विद्यापीठाच्या संघाविरुद्ध ती साधली, असे त्याचे कथन. ते बहुधा त्याच्या १९०८ च्या लेखावरून, म्हणजे चाळीस वर्षांनंतरच्या आठवणींवरून दिले जाते. शिवाय शिंपला वळतो तो मुख्यतः आकारामुळे, तर चेंडू फिरकीमुळे (हे तत्त्व मॅग्नसने १८५२ मध्ये मांडले, क्रिकेटमधील फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्प्याआधीच हवेत सरकतो तोही त्यामुळेच). कथेतील हा दुवा त्यामुळे वाटतो तितका सरळ नाही. फ्रेड गोल्डस्मिथ या दुसऱ्या पिचरने १८७० मध्ये ब्रुकलिनच्या कॅपिटोलिन मैदानावर जाहीर प्रात्यक्षिक दाखवल्याचा दावा केला, परंतु त्याला समकालीन आधार तोकडा आहे. बॉबी मॅथ्यूज या पिचरचेही नाव घेतले जाते. एकट्या कमिंग्जला श्रेय देणे धाडसाचे असले, तरी त्याची बाजू इतरांहून भक्कम दिसते.

त्या काळी पिचरला ४५ फुटांवरून, हात सरळ ठेवून चेंडू कमरेखालून सोडावा लागे. चेंडूला फिरकी देणाऱ्या मनगटाच्या झटक्याला मुभा मिळाली ती १८७२ मध्ये. म्हणजे काटेकोर पाहता १८६७ चा चेंडू नियमबाह्यच ठरतो.

१८७२ ते १८७५ या चार हंगामांत तो न्यूयॉर्क, बाल्टिमोर, फिलाडेल्फिया व हार्टफर्ड अशा चार संघांकडून खेळला. १८७५ मध्ये हार्टफर्डकडून त्याने ३५ सामने जिंकले. ९ सप्टेंबर १८७६ रोजी सिनसिनाटीविरुद्ध एकाच दिवशी दोन सामन्यांत अखेरपर्यंत एकट्यानेच पिचिंग करून त्याने दोन्ही जिंकले. वजन अवघे ५४ किलोच्या आसपास असलेल्या या गड्याची ही कामगिरी उल्लेखनीय होय. १८७७ मध्ये सिनसिनाटीकडून ५ विजय, १४ पराभव. तेथे कारकीर्द संपली. पुढे अ‍ॅथॉल येथे त्याने रंग व भिंतकागदाचे दुकान चालवले. मृत्यू टोलीडो येथे.

१९३९ मध्ये कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधील थोरांच्या सन्मान-दालनात) त्याची निवड झाली. तेथील फलकानुसार कर्व्हबॉल त्याने १८६७ मध्ये ब्रुकलिन स्टार्सकडून खेळताना शोधला. प्रत्यक्षात त्या वर्षी तो एक्सेल्सियर संघात होता.