सहलीची होडी शर्यतीत उतरते तेव्हा

शनिवारी घरच्यांना घेऊन गेटवेपासून मांडव्याला जायचं, रात्री होडीतच पथारी पसरायची आणि रविवारी तीच होडी शर्यतीत उतरवायची. शिडाच्या होडीची हौस असलेल्या कुटुंबाला एवढंच हवं असतं, आणि होडीचा आराखडा करणाऱ्याला नेमकं हेच अवघड जातं. सहलीला सामान, पाणी, झोपायला जागा लागते. शर्यतीला यांतलं काहीही नको असतं. ही ओढाताण समजून घ्यायला पुणेकराला घाट उतरायचीही गरज नाही. तिच्यामागचा मुख्य नियम खडकवासल्याला रोज वापरात आहे.

तिथल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात, म्हणजे १९१६ पासून चालत आलेल्या संस्थेत, धरणांच्या आणि बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांत पाणी खेळवतात. प्रतिकृती शंभरपट लहान असेल तर तिच्यातल्या पाण्याचा वेग शंभरपट नव्हे, दहापट कमी ठेवावा लागतो. वेग लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, हा तो नियम. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याचं नाव त्याला चिकटलेलं आहे. १८७२ च्या सुमारास इंग्लंडमधल्या टॉर्की इथे लांबलचक हौद बांधून फ्रूड त्यात जहाजांच्या प्रतिकृती ओढून त्यांना पाणी किती विरोध करतं ते मोजत असे.

होडी चालताना पाण्यात लाट उठवते. वेग वाढतो तशी ही लाट लांबत जाते आणि एका वेगाला ती होडीच्या पाण्यात टेकलेल्या लांबीएवढी होते. मग पुढचं टोक एका उंचवट्यावर, मागचं दुसऱ्यावर आणि मधली होडी खळग्यात, अशी अवस्था येते. याहून जोरात जायचं तर स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढावं लागतं, आणि जड होडीला तेवढी ताकद शिडातून मिळत नाही. हिशोब सोपा आहे: पाण्यात टेकलेल्या लांबीचं मीटरमधलं वर्गमूळ काढून १.२५ ने गुणा, की मीटर प्रति सेकंद वेग मिळतो. लांबी ६.१ मीटर असेल तर ताशी साधारण ११ किलोमीटर. सायकलवाला सहज मागे टाकेल असा हा वेग, पण खुल्या पाण्यावर, कललेल्या होडीत बसून तो थरारक वाटतो.

ही ६.१ मीटर लांबी मी मुद्दाम घेतली, कारण ती जे-२४ या होडीची आहे. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात रॉड जॉनस्टन यांनी ती घरच्या गॅरेजमध्ये, घरच्यांच्या मदतीने बांधली. शर्यतीत तिने भल्याभल्यांना मागे टाकल्यावर १९७७ पासून तिचं उत्पादन सुरू झालं आणि पुढे जगभरात अशा पाच हजारांहून अधिक होड्या तयार झाल्या. एकूण लांबी ७.३ मीटर, वजन सुमारे १,४०० किलो. त्यातलं ४३० किलो कीलमध्ये, म्हणजे तळाखाली पाण्यात उतरणाऱ्या जड पात्यात, शिशाच्या रूपात. आत चार जण झोपू शकतात, मात्र उभं राहता येत नाही.

मला या आकड्यांमध्ये सगळ्यात रंजक वाटतं ते कुटुंबाचं स्वतःचं वजन. पाच जण प्रत्येकी ६५ किलोचे धरले तर ३२५ किलो होतात. वारा शिडाला ढकलून होडी कलवतो तेव्हा हे पाचही जण वाऱ्याच्या बाजूच्या काठावर जाऊन बसतात. होडी २० अंश कललेली असताना कीलचं शिसं मधल्या रेषेपासून जेमतेम एक हात बाजूला सरकलेलं असतं, काठावरची माणसं मात्र मीटरभराहून जास्त लांब असतात. होडी सावरण्याचं काम त्या घटकेला शिशापेक्षा माणसं जास्त करतात. कल वाढत गेला की गणित उलटतं: माणसांचा उपयोग कमी होतो, शिशाचा वाढतो, आणि होडी पार आडवी झाली तर फक्त शिसंच तिला परत उभी करू शकतं.

आता तीच माणसं सहलीला निघालेली आहेत. कुणी आत चहा करतंय, लहानगं झोपलंय, आजी सावलीत बसल्यात. काठावर कुणीच नाही. म्हणजे सहलीच्या होडीला आपलं संतुलन एकटीने राखता आलं पाहिजे, त्यासाठी तळाशी जास्त वजन हवं, आणि जास्त वजन म्हणजे मंद वाऱ्यात जास्त पाणी बाजूला सारणं. दुसरा मार्ग शीड वेळेवर कमी करण्याचा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो, त्यामुळे ‘बघू थोड्या वेळाने’ म्हणण्याला फार जागा नसते. कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात तर हे रोजचंच आहे: सकाळचे मतलई वारे ओसरतात, मध्ये शांतता, आणि दुपारी खारे वारे जोर धरतात. शाळेच्या भूगोलात शिकलेली ही जोडी होडीवर अंगाला जाणवते.

होडी रुंद करूनही तिला स्थिर करता येतं, आतली जागाही वाढते, आणि वजन वाढत नाही. हा मोह मोठा आहे. १९७० च्या दशकात शर्यतीच्या मोजमापाच्या नियमांमुळे होड्या रुंद आणि हलक्या होत गेल्या. ऑगस्ट १९७९ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडदरम्यानच्या फास्टनेट शर्यतीवर वादळ आलं. ३०३ होड्या निघाल्या होत्या, ८५ पूर्ण करू शकल्या, आणि १५ स्पर्धक मरण पावले. त्यानंतरच्या अभ्यासांतून स्पष्ट झालं की रुंद, हलकी होडी फुटत्या लाटेने सहज उलटते आणि उलटल्यावर तशीच राहू शकते, कारण ती पालथीही बरीच स्थिर असते.

तेव्हापासून एक ढोबळ कसोटी रूढ झाली. होडीच्या वजनाएवढ्या समुद्राच्या पाण्याचं घनफळ काढायचं, त्याचं घनमूळ घ्यायचं आणि होडीच्या रुंदीला त्याने भागायचं. उत्तर दोनपेक्षा कमी असेल तर खोल समुद्राचा विचार करावा. २.७१ मीटर रुंद जे-२४ ला जवळपास २.४ मिळतात, ती किनाऱ्याजवळची होडी आहे आणि तशीच वापरावी. भारतीय नौकानयनपटू अभिलाष टॉमी ज्या रसलर ३६ जातीच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून २०२३ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसरे आले, तिचं वजन साडेसात टनांच्या आसपास आणि रुंदी ३.३५ मीटर. तिचं उत्तर १.७ च्या आसपास येतं. होडीत लेकरं असतील तर ही कसोटी वेगाच्या आधी लावावी, असं माझं ठाम मत आहे.

उरलेली तडजोड लहानसहान गोष्टींत करता येते, आणि तिथे कुटुंबाच्या हाती बरंच असतं. जे-२४ सारख्या होडीत २०० किलो सामान भरलं तर ती साधारण दोन-तीन सेंटिमीटर खाली बसते. पण ते सामान कुठे ठेवलं याला वजनापेक्षा जास्त महत्त्व आहे. होडी लाटांवर पुढेमागे डुलते तेव्हा वजनाचा परिणाम मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढतो. नांगराची साखळी पुढच्या टोकातून उचलून मधोमध फळीखाली ठेवली, पाण्याचे कॅन तिथेच बांधले, तर एक किलोही कमी न करता होडी लाटांत हलकी चालते आणि पोटात ढवळणंही कमी होतं. इंजिनाचा पंखा मिटणारा बसवला तर शिडावर चालताना तो पाणी अडवत नाही. रोजच्या वापराला पॉलिएस्टरची टिकाऊ शिडं आणि शर्यतीपुरता एक चांगला संच, हे ज्यांना परवडेल त्यांनी करावं.

एवढं करूनही निव्वळ शर्यतीसाठी बांधलेली होडी पुढे जाणारच. म्हणून मिश्र शर्यतींत प्रत्येक होडीला एक गुणक देतात आणि लागलेल्या वेळेला त्याने गुणतात. समजा, कुटुंबाच्या होडीचा गुणक ०.९० आहे आणि तिला १२० मिनिटं लागली, तर हिशोबात १०८ धरली जातात. ११० मिनिटांत आलेली, १.०० गुणकाची होडी त्या दिवशी दुसरी ठरते.