पोटातलं सिरोटोनिन आणि डोक्यातलं सिरोटोनिन

पुण्याच्या नव्या पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलांना एक सल्ला हमखास मिळतो: मन लागत नाही ना, रोज दोन केळी खा, सिरोटोनिन वाढतं. सिरोटोनिन म्हणजे शरीरात पेशींमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन. केळ्यात ते असतं हे खरं. पण पोटातलं सिरोटोनिन मेंदूत शिरूच शकत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा ते अडवतो.

शरीरातलं सुमारे ९० टक्के सिरोटोनिन आतड्याच्या अस्तरात तयार होतं. आतड्याची हालचाल त्यावर चालते. बाधलेलं अन्न पोटात गेल्यावर होणाऱ्या उलट्यांमागेही तेच असतं. उलटीवरची ओन्डान्सेट्रॉनची गोळी त्याचंच काम रोखते. थोडं रक्तातल्या प्लेटलेट उचलतात आणि जखम झाली की रक्त थांबवायला वापरतात.

मेंदू स्वतःपुरतं सिरोटोनिन स्वतः बनवतो. त्यासाठी लागणारं ट्रिप्टोफॅन हे प्रथिनांतलं द्रव्य दूध, अंडी, डाळी, शेंगदाण्यांतून मिळतं आणि ते मात्र तो पडदा ओलांडतं. झोप, भूक, चिंता, मनाची स्थिती यांच्याशी संबंध आहे तो या छोट्या साठ्याचा. म्हणून रक्तातलं सिरोटोनिन मोजून नैराश्य आहे की नाही हे ठरवता येत नाही. ती तपासणी असते मुख्यतः कार्सिनॉइड नावाच्या गाठींसाठी. मन उदास आहे म्हणून त्यावर पैसे घालवू नका.

खरा घोळ होतो नैराश्यावरच्या गोळ्या सुरू झाल्यावर. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन यांसारखी औषधं मेंदूत आणि पोटात, दोन्हीकडे सिरोटोनिनवर काम करतात, आणि पोटाला ती आधी जाणवतात. पहिल्याच आठवड्यात मळमळतं, पोट बिघडतं. मनाला उतार पडायला मात्र साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. नेमकं याच मधल्या काळात घरून फोन येतो, "सोसत नाहीत तर कशाला घेतोस त्या गोळ्या?" आणि पाकीट कपाटात जातं. फार वाईट वाटतं हे बघून, कारण ही मळमळ बहुतेकांची थोड्या दिवसांत ओसरते.

सिरोटोनिन कमी झालं म्हणूनच नैराश्य येतं, याला ठोस पुरावा नाही, असं २०२२ मध्ये एका मोठ्या आढाव्यात मांडलं गेलं. नैराश्याचं कारण एवढं सोपं नाहीच. पण त्यावरून औषधं निरुपयोगी ठरत नाहीत. अनेकांना त्यांनी बरं वाटतं, हे औषधांच्या चाचण्यांत दिसलेलं आहे. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा, जेवणानंतर घेऊ का विचारा. एकदम बंद करू नका, चक्कर आणि बेचैनी येऊ शकते. डोस हळूहळू उतरवावा लागतो. आणि रात्री-अपरात्री अगदीच असह्य झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.